आकर्ण : जड धनुष्य, लांब ओढ आणि शरीरात साठलेलं ज्ञान



या मालेत लढाया येतात, तह येतात, राजे येतात. आज मी एका हालचालीचा इतिहास सांगणार आहे. डाव्या हातात धनुष्य, उजव्या हाताच्या बोटांत दोरी, आणि ती दोरी कानापर्यंत जाते. एवढंच. सगळा मामला दोन-तीन सेकंदांचा. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये शेतकऱ्यांच्या, खाटकांच्या, सुतारांच्या पोरांना ही हालचाल येत होती. पुढे ती कुणालाच येईनाशी झाली. आणि सुमारे चारशे वर्षांनी काही हट्टी माणसांनी ती पुन्हा शोधून काढली. एखादी गोष्ट माणसाला "येते" म्हणजे काय, ती हरवते कशी, आणि हरवल्यावर नुसत्या कागदावरून परत मिळते का, हे आजचे प्रश्न आहेत. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा या विषयाकडे मी का वळलो ते तुमच्या लक्षात येईलच.

आधी वस्तू समजून घेऊ. इंग्लिश लाँगबो, म्हणजे माणसाच्या उंचीचं किंवा त्याहून मोठं, एका लाकडाचं सरळ धनुष्य. उत्तम धनुष्य यू नावाच्या झाडाचं. या लाकडात निसर्गानेच दोन थर दिलेले असतात. सालीलगतचं फिकट लाकूड ताण सोसतं, आतलं तांबूस लाकूड दाब सोसतं. धनुष्य वाकलं की बाहेरची बाजू ताणली जाते आणि तिरंदाजाकडची बाजू दाबली जाते. कारागीर लाकूड असं तासतो की फिकट थर बाहेर, तांबूस थर आत. बाहेरच्या बाजूला ते लोक धनुष्याची पाठ म्हणतात, आतल्या बाजूला पोट. टोकांना शिंगाच्या खाचा बसवायच्या, त्यात दोरी अडकवायची. झालं धनुष्य. चांगलं यू इंग्लंडमध्ये पुरेसं मिळत नसे. म्हणून १४७२ साली कायदा झाला की ठरावीक ठिकाणांहून माल घेऊन येणाऱ्या जहाजांनी दर पिंपभर मालामागे धनुष्याचे चार दांडके आणलेच पाहिजेत. पोलाद आणि तेल यांचं राजकारण आपल्याला माहीत आहे. हे लाकडाचं राजकारण होतं.

आता दोन मापं लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. पहिलं माप ओढीची लांबी, म्हणजे पूर्ण ओढल्यावर दोरी धनुष्यापासून किती मागे आली. दुसरं माप ओढीचं वजन, म्हणजे त्या लांबीला दोरी धरून ठेवायला किती जोर लागतो. ते पौंडांत सांगतात. ही दोन मापं एकमेकांपासून तोडता येत नाहीत. "माझं धनुष्य शंभर पौंडांचं आहे" हे वाक्य अर्धवट आहे. किती इंचांवर शंभर? धनुष्य जसजसं ओढावं तसतसं ते जड होत जातं.

एक ढोबळ हिशेब करू. दोरी चढवलेली असते तेव्हाच ती धनुष्यापासून सहा इंचांवर असते. समजा ३० इंचांवर १५० पौंड भरणारं धनुष्य आहे. म्हणजे २४ इंचांत १५० पौंड, इंचाला सहा पौंडांहून थोडं जास्त. हेच धनुष्य २८ इंचांवर थांबवलं तर जोर साधारण १३७ पौंड लागेल. पण खरा फरक पुढे आहे. बाणाला मिळणारी ऊर्जा फक्त जोरावर अवलंबून नसते. तो जोर किती अंतर लावला यावरही असते. त्यामुळे शेवटचे दोन इंच सोडले तर साठवलेली ऊर्जा सुमारे १६ टक्क्यांनी घटते. ओढीच्या बाराव्या हिश्शात सहाव्या हिश्शाएवढी ऊर्जा. चिलखतावर जाणाऱ्या बाणासाठी हे शेवटचे दोन इंच म्हणजे चैन नव्हे, ती गरज होती.

आता १५० पौंड म्हणजे किती? ६८ किलो. आपल्याकडे सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं. ते पोतं आणि वर आणखी १८ किलो, हा भार तीन बोटांच्या पेरांवर घेऊन आडवा ओढायचा. ऑलिम्पिकमधले पुरुष तिरंदाज वापरतात ती धनुष्यं साधारण ४५ ते ५० पौंडांची असतात. म्हणजे तिप्पट. तुम्ही म्हणाल, हे शक्यच नाही. विसाव्या शतकातले बरेच जाणकारही हेच म्हणत होते. इथून आपली गोष्ट सुरू होते.

क्रेसी १३४६, पॉइटियर्स १३५६, अ‍ॅजिनकोर्ट १४१५. फ्रान्सच्या भूमीवरच्या या तीन लढायांत इंग्लिश सैन्यातल्या तिरंदाजांनी फ्रेंच सरदारांची दाणादाण उडवली, हे सर्वांना माहीत होतं. पण ती धनुष्यं किती जड होती? त्या काळातलं वापरातलं धनुष्य जवळपास शिल्लकच नव्हतं. लाकूड कुजतं. म्हणून अभ्यासकांनी काय केलं? आपल्या काळातल्या तिरंदाजांकडे पाहिलं. क्लबात जाणारा धडधाकट माणूस ५० पौंड ओढतो, फार बळकट असला तर ७०-८०. तेव्हा जुने लोक थोडे जास्त ओढत असतील, असं धरून चालू. अमेरिकेतले डॉक्टर सॅक्स्टन पोप यांनी १९२० च्या दशकात एका जुन्या इंग्लिश धनुष्याची प्रतिकृती करून पाहिली, तिची ओढही शंभर पौंडांच्या बरीच खाली भरली. त्यामुळे जुन्या बखरींमधली वर्णनं म्हणजे अतिशयोक्ती, असं मत पक्कं होत गेलं.

मग समुद्राने साक्ष दिली. १९ जुलै १५४५ रोजी आठव्या हेन्रीचं 'मेरी रोझ' हे लढाऊ जहाज पोर्ट्समथच्या समोर, फ्रेंच आरमाराशी सामना चालू असताना बुडालं. तळाच्या गाळात त्याची एक बाजू हवेपासून तुटली आणि टिकली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी ते वर काढलं गेलं. त्यातून १३७ अखंड धनुष्यं आणि साडेतीन हजारांवर बाण मिळाले. काही धनुष्यं पेट्यांमध्ये जशीच्या तशी रचून ठेवलेली होती. लांबी १ मीटर ८७ सेंटिमीटरपासून २ मीटर ११ सेंटिमीटरपर्यंत. आणि मुख्य म्हणजे जाडी. ही धनुष्यं पाहून लोक चक्रावले. कुणी तर म्हणालं, ही पुरी घडवलेली धनुष्यंच नाहीत, अर्धवट तासलेले दांडके आहेत. पण टोकांना शिंगाच्या खाचा बसवल्याच्या खुणा होत्या. दांडके नव्हते ते. लढाईला निघालेली तयार हत्यारं होती.

नट आणि लाँगबोचे इतिहासकार रॉबर्ट हार्डी यांच्याभोवती जमलेल्या अभ्यासकांनी मोजमापं घेतली, प्रतिकृती करवून घेतल्या, आणि कोई नावाच्या डच गणितज्ञाने संगणकावर हिशेब मांडला. निष्कर्ष असा की ओढीचं वजन साधारण १०० ते १८५ पौंड, आणि बरीच धनुष्यं दीडशेच्या आसपासची. बाण मोजले, तर बहुतेक ३० इंचांच्या जवळपास ओढायचे. म्हणजे दोन्ही मापं हाती आली. धनुष्य सांगतं किती जड, बाण सांगतो किती लांब. ३० इंच म्हणजे कुठवर? साधारण उंचीच्या माणसाने डावा हात लांब करून ३० इंचांचा बाण पूर्ण ओढला तर दोरी हनुवटीशी थांबत नाही. गाल ओलांडून कानापाशी जाते.

आता गंमत पाहा. ज्या साली मेरी रोझ बुडालं, त्याच १५४५ साली लंडनमध्ये एक पुस्तक छापलं गेलं, 'टॉक्सोफिलस'. लेखक रॉजर अ‍ॅशम, केंब्रिजचा ग्रीकचा पंडित, पुढे राणी झालेल्या एलिझाबेथचा शिक्षक. तिरंदाजीवरचं इंग्रजीतलं हे पहिलं छापील पुस्तक. रचना प्लेटोच्या संवादांसारखी: एक धनुष्यप्रेमी, एक ग्रंथप्रेमी, दोघांचा वाद. अ‍ॅशमने बाण मारण्याच्या क्रियेचे पाच भाग पाडले : उभं राहणं, बाण दोरीला लावणं, ओढणं, धरणं आणि सोडणं. ओढण्याबद्दल तो स्पष्ट सांगतो की प्राचीन लोक दोरी छातीपर्यंत ओढत, आपण उजव्या कानापर्यंत ओढतो. धरण्याबद्दल सांगतो की फार वेळ धरू नका, धनुष्य मोडायची भीती आणि नेमही जातो. नजर बाणावर नको, लक्ष्यावर ठेवा, असंही बजावतो.

म्हणजे एकाच सालची वस्तू समुद्राने राखली आणि शब्द छापखान्याने राखले. मग शब्द उपलब्ध असताना चारशे वर्षं कुणाला कळलं का नाही?

कारण मधल्या काळात तिरंदाजी बदलली. बंदुका आल्यावर धनुष्य रणातून गेलं आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ते श्रीमंतांच्या हिरवळीवर करमणूक म्हणून परत आलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर होरेस फोर्ड नावाचा असामान्य नेमबाज झाला. त्याने १८५६ साली पुस्तक लिहिलं आणि कानापर्यंत ओढण्याला विरोध केला. त्याचं म्हणणं तर्काला धरून होतं. दोरी कानाशी गेली की बाण डोळ्याच्या रेषेत राहत नाही, बाजूला पडतो. दोरी हनुवटीखाली आणा, म्हणजे बाण बरोबर डोळ्याखाली येईल आणि नेम साधेल. पन्नास पौंडांच्या धनुष्याला, ठरावीक अंतरावरच्या रंगीत चकतीला हे अगदी योग्य. फोर्डने विक्रम केले, सगळ्यांनी त्याचं तंत्र उचललं, आणि आजची ऑलिम्पिक तिरंदाजी त्याच वाटेने आलेली आहे.

पण एक वाट पक्की झाली की दुसरी बुजते. पुढच्या पिढ्यांनी अ‍ॅशमचं "कानापर्यंत" वाचलं ते फोर्डच्या डोळ्यांनी. त्यांना तो जुन्या लोकांचा अडाणीपणा वाटला, किंवा निव्वळ सवय. तंत्राच्या दृष्टीने त्याला काही कारण असेल हे त्यांच्या मनात आलं नाही, कारण त्यांच्या हातात हलकं धनुष्य होतं. हलक्या धनुष्याला तो प्रश्नच पडत नाही.

तो प्रश्न जड धनुष्याने विचारला. मेरी रोझनंतर काही लोकांनी खरोखरच १००, १२०, १५० पौंडांची धनुष्यं ओढायचा चंग बांधला. क्लबात शिकलेल्या पद्धतीने काय होई? डावा हात ताठ पुढे रोवायचा आणि उजव्या हाताने दोरी मागे ओढायची. हलक्या धनुष्याला हे चालतं. जड धनुष्याला दोरी अर्ध्यावर येते आणि अडते. दंडाचा स्नायू संपतो, खांदा पुढे सरकतो, माणूस थरथरायला लागतो. पुढे रेटलं तर खांदा दुखावतो. म्हणजे ताकद कमी होती का? काही जण चांगले पहिलवान गडी होते. ताकद होती, ती चुकीच्या जागी लावली जात होती.

इथे एक जुना साक्षीदार कामी आला, आणि तोही तिरंदाजीच्या पुस्तकात नव्हे तर चर्चमध्ये. बिशप ह्यू लॅटिमर. १५४९ साली बालराजा सहाव्या एडवर्डपुढे प्रवचन देताना त्याने ओघात आपल्या बापाची आठवण सांगितली. बाप लेस्टरशायरचा साधा शेतकरी. त्याने पोराला शिकवलं की इतर देशांचे लोक ओढतात तसं हातांच्या जोराने धनुष्य ओढू नकोस. अंग धनुष्यात घाल. आणि पोराच्या वयाप्रमाणे, ताकदीप्रमाणे तो त्याला धनुष्यं घेऊन देई. पोर वाढेल तसं धनुष्य वाढे.

"अंग धनुष्यात घाल" हे शब्द चार शतकं छापील होते. वाचणाऱ्यांना ती बोलण्याची एक लकब वाटली असेल. जड धनुष्य हातात घेतलं तेव्हा कळलं की ती अक्षरशः सूचना आहे. कसं ते सांगतो. सुरुवातीला दोन्ही हात जवळ असतात आणि धनुष्य लक्ष्यावर रोखलेलं नसतं, वर किंवा खाली झुकलेलं असतं. मग तिरंदाज नुसती दोरी मागे ओढत नाही, तो धनुष्य पुढे ढकलत त्याच्यात शिरतो. कंबर, छाती, खांदे एकत्र उघडतात. पाठीवरचे दोन चपटे त्रिकोणी फरे मणक्याकडे सरकतात. ओढीचा शेवटचा भाग दंड ओढत नाही, पाठ ओढते. उजवं कोपर फिरून मागे जातं आणि हाडं एका रेषेत येतात. भार मग स्नायूंपेक्षा सांगाड्यावर जास्त पडतो. तिथे थांबायचं नसतं. ओढ पूर्ण झाली त्याच क्षणी बाण सुटतो.

आणि आता मुख्य मुद्दा. पाठ पूर्ण मिटेपर्यंत, फरे मणक्याशी येईपर्यंत ओढलं की दोरी कुठे पोचते? कानाशी. हनुवटीशी थांबायचं म्हटलं तर फरे अर्ध्या वाटेवर राहतात आणि सगळा भार खांद्याच्या कमकुवत जागी लटकतो. जड धनुष्य वापरणारे आजचे तिरंदाज हेच सांगतात की त्यांना आखूड ओढ सोपी पडत नाही, अवघड पडते. म्हणजे "कानापर्यंत" हा नेम धरण्याचा नियम नव्हताच. शरीराने पूर्ण काम केलं की हात आपोआप जिथे पोचतो त्या जागेचं ते नाव होतं. लांब ओढ हा त्या तंत्राचा परिणाम आहे. बाणाची लांबी त्यावरून ठरली, बाणावरून धनुष्याची उंची ठरली. कारण ३० इंच वाकायचं तर दांडा लांबच हवा, नाहीतर तडकतो. सगळी मापं शेवटी माणसाच्या पाठीपासून निघालेली आहेत.

अ‍ॅशमच्या पुस्तकात एक मजेदार यादी आहे, वाईट तिरंदाजांच्या खोडींची. कुणी मान वाकडी करतो, कुणी ओठ चावतो, कुणी जीभ बाहेर काढतो, कुणी ओढताना एवढा मोठा वळसा घेतो की जणू अख्ख्या मैदानाला आशीर्वाद देतोय, कुणी पाठीला असा हिसका देतो की जणू मागून कुणी चिमटा काढला. अ‍ॅशमच्या लेखी हे सगळे दोष. आता माझा एक तर्क सांगतो, तर्क म्हणूनच घ्या. अ‍ॅशम नाजूक प्रकृतीचा अभ्यासू माणूस, अभ्यासाचा शीण घालवायला बाण मारणारा. त्याला बहुधा हलकं धनुष्य पुरत असेल. आजचे जड धनुष्यवाले पाहिले तर त्यांच्यातही तो मोठा वळसा दिसतो, पाठीची ती हालचाल दिसते. तेव्हा त्या यादीतले काही "दोष" हे दीडशे पौंड पेलणाऱ्या शरीराचं खरंखुरं तंत्र असेल, पंडिताला ते गबाळं दिसलं, असं मला वाटतं. पुस्तक लिहिणारा आणि काम करणारा यांच्यातलं हे अंतर आपल्याकडेही काही नवं नाही.

हेच अंतर तत्त्वज्ञानात गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली नेमकं दाखवलं. "अमुक असं आहे हे माहीत असणं" आणि "अमुक करता येणं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी ही पहिलीचीच अंमलबजावणी नसते. अ‍ॅशमचे पाच भाग मी तुम्हाला आत्ता सांगितले. तुम्हाला ते माहीत झाले. उद्या सकाळी तुम्हाला धनुष्य ओढता येईल का? लॅटिमरला नियम ठाऊक होता म्हणून त्याला येत नव्हतं. बापाने हात धरून, वाढत्या मापाची धनुष्यं देऊन त्याच्या शरीरात ते उतरवलं होतं. नियम ही त्याची नंतरची आठवण. मराठीत "तालीम" हा शब्द शिकवण्यालाही आहे आणि आखाड्यालाही आहे, त्यात हे शहाणपण आलेलंच आहे.

आपल्या भाषेत याचा आणखी एक पुरावा पडून आहे. धनुष्य कानापर्यंत ओढण्याला संस्कृतात स्वतंत्र शब्द आहे, 'आकर्ण'. वीर धनुष्य "आकर्ण" ओढतो हे महाकाव्यांतलं नेहमीचं वर्णन, आपण ते काव्य म्हणून वाचतो. अग्निपुराणात धनुर्वेदाचे अध्याय आहेत, त्यात उभं राहण्याच्या पवित्र्यांची नावं आहेत : समपाद, वैशाख, आलीढ, प्रत्यालीढ. मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांना ही नावं पाठ असतात. आणि एरियन नावाचा ग्रीक लेखक भारतीय पायदळाबद्दल लिहितो की त्यांचं धनुष्य माणसाएवढं उंच, ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबतात आणि दोरी खूप मागे ओढतात. बाण तीन हातांना जरासाच कमी. आता यातलं कसं काय होत असेल, हे आपण खुर्चीत बसून सांगू शकत नाही. आपल्याकडे नावं उरली, शरीरं उरली नाहीत. इंग्रजांचं नशीब एवढंच की समुद्राने त्यांची वस्तू सांभाळली.

पण मंडळी, इथवर आपण कौतुकाच्या सुरात बोललो. आता दुसरी बाजू.

ही शरीरं आपोआप घडली नव्हती. १३६३ साली तिसऱ्या एडवर्डने हुकूम काढला की सणासुदीच्या दिवशी धडधाकट पुरुषांनी धनुष्याचा सराव करावा. चेंडू वगैरे निरुपयोगी खेळ बंद, खेळाल तर शिक्षा. आठव्या हेन्रीच्या १५४१ च्या कायद्यात तर सात वर्षांच्या मुलापासून सुरुवात आहे. सात ते सतरा वयाच्या मुलासाठी घरात एक धनुष्य आणि दोन बाण हवेत, सतरा ते साठच्या पुरुषाकडे एक धनुष्य आणि चार बाण. चोवीस वर्षांवरच्या माणसाने सरावाच्या हलक्या बाणांनी २२० यार्ड किंवा त्याहून कमी अंतरावरचं लक्ष्य मारायचं नाही. म्हणजे तुझ्या अंगात पूर्ण ओढीची ताकद टिकून आहे ना, हे राज्य तपासत होतं. लॅटिमरच्या बापाचं प्रेम खरं होतं, आणि त्यामागे राजाची गरजही खरी होती.

त्याची नोंद हाडांवर राहिली आहे. मेरी रोझमध्ये किमान १७९ जणांचे अवशेष मिळाले. ॲन स्टरलँड या अस्थितज्ञ बाईंनी ते अभ्यासले. खांद्याच्या फऱ्याचं वरचं टोक लहानपणी कूर्चेने जोडलेलं असतं आणि विशी-पंचविशीपर्यंत हाडाने पक्कं सांधतं. या जहाजावरच्या माणसांत ते न सांधलेलं राहण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा बरंच जास्त आढळलं. वाढीच्या वयात खांद्यावर सतत मोठा ताण आला की असं होऊ शकतं. त्यावरून ही माणसं लहानपणापासूनचे तिरंदाज असावीत असा अंदाज त्यांनी मांडला. हाडावर "तिरंदाज" असं लिहिलेलं नसतं, खलाशीही दोर ओढतात, तेव्हा एकेका सांगाड्याबद्दल छातीठोक बोलू नये. पण सगळं एकत्र ठेवून पाहा : सातव्या वर्षीचा कायदा, वाढत्या मापाची धनुष्यं, दीडशे पौंडांची ओढ आणि न सांधलेला खांदा. ज्याला आपण कौशल्य म्हणतो ते एका लहान मुलाच्या वाढत्या हाडांवर बसवलेलं होतं. त्या मुलाला कुणी विचारलं नव्हतं.

आणि म्हणूनच ते गेलंही लवकर. १५९० च्या दशकात इंग्लंडमध्ये मोठा वाद झाला : धनुष्य ठेवायचं की बंदुका घ्यायच्या? सर जॉन स्माइथने धनुष्याची बाजू हिरिरीने मांडली. वेग, पाऊस, बिघाड, कितीतरी बाबतींत तेव्हाच्या बंदुकीपेक्षा धनुष्य सरस होतं, आणि त्याचे बरेच मुद्दे खरे होते. विरुद्ध बाजूला सर रॉजर विल्यम्स, हयात रणांगणावर गेलेला माणूस. त्याचा मुद्दा साधा होता. तीन-चार महिने मोहिमेवर राहा, अर्धपोटी, ओलं, आजारी; मग पाच हजार तिरंदाजांतले पाचशेसुद्धा जोरकस बाण मारणारे उरत नाहीत. बंदुकीची गोळी मात्र उपाशी माणसानेही तेवढ्याच जोरात सुटते.

हा युक्तिवाद नीट ऐका. बाणाची ताकद धनुष्यात नव्हती, माणसात होती. धनुष्य फक्त ती दोन-तीन सेकंद साठवून ठेवायचं. माणूस खचला की हत्यार खचलं. आणि नवा माणूस घडवायला दहा-पंधरा वर्षं. बंदूकवाला काही आठवड्यांत उभा राहतो. राज्याने हिशेब केला आणि तिरंदाजांना फौजेच्या यादीतून काढलं. त्यानंतर धनुष्यं माळ्यावर काही काळ राहिली असतील, पण सात वर्षांच्या पोराला धनुष्य देणारा बाप थांबला त्या दिवशी ती विद्या संपली. एक पिढी पुरली.

मग आज ती परत आली, असं म्हणता येईल का? काही अंशी. सायमन स्टॅनली, मार्क स्ट्रेटन अशी माणसं दीडशे पौंडांच्या पुढची धनुष्यं खरोखर ओढतात. त्यांनी हे सिद्ध केलं की मेरी रोझच्या धनुष्यांसाठी राक्षस लागत नव्हते. आजच्या माणसालाही, शहाणपणाने, वर्षानुवर्षं हळूहळू वजन वाढवत गेलं तर ते साधतं. पण ही माणसं स्वतःच्या मर्जीने, मोठेपणी त्यात शिरली आहेत. दुखलं की थांबतात. त्यांना बाप नव्हता, म्हणून त्यांना वस्तू, पुस्तक, प्रवचन, हाडं आणि स्वतःचे दुखरे खांदे यांतून तुकडा तुकडा जोडावा लागला. याला मी परंपरा म्हणणार नाही. हे संशोधन आहे, फक्त त्याची प्रयोगशाळा म्हणजे माणसाची पाठ.

इतिहास वाचणाऱ्या आपल्यासारख्यांनी यातून काय घ्यावं? जुन्या साधनात एखादी गोष्ट लिहिलेली आहे, आणि ती आपल्याला अशक्य वाटते. अशा वेळी आपण दोनच गोष्टी करतो. "थापा आहेत" म्हणतो, किंवा "पूर्वजच थोर होते" म्हणतो. दोन्हींत आळस आहे. पोप यांच्या काळातले अभ्यासक पहिल्या वाटेने गेले, कारण त्यांनी क्लबातल्या गृहस्थाच्या दंडाने पंधराव्या शतकाचं माप घेतलं. आपल्याकडे दुसऱ्या वाटेने जाणारे पुष्कळ आहेत. तिसरी वाट अशी की विचारायचं : हे करणारं शरीर कोणत्या वयापासून घडत होतं? कुणी घडवलं? कशासाठी? आणि त्याची किंमत कुणी भरली? 'आकर्ण' हा शब्द यापुढे कुठे वाचलात तर हे चार प्रश्न त्याला विचारून पाहा.

काही शंका असतील तर आता घेऊ.